भीड, स्तुती आणि कपाशीचे फूल

स्नेह्याने हौसेने टिपलेले छायाचित्र आपल्यापुढे धरून ‘कसे वाटते?’ असे विचारले, तर खरे सांगावे की बरे सांगावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी अगदीच किरकोळ वाटतो. न्यायालयातील खोटी साक्ष किंवा तराजूत मारलेले माप यांच्या पंक्तीला फुलाच्या फोटोविषयीचे मत बसवणे कुणाला हास्यास्पदही वाटेल. परंतु खोटी साक्ष देण्याचा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही येत नाही, ‘वा, छान!’ म्हणण्याचा प्रसंग मात्र दिवसातून चारदा येतो. मिस्सा आटोपल्यावर दारात ‘फादर, प्रवचन छान झाले’ असे सांगणाऱ्यांपैकी किती जणांना त्या प्रवचनातील एक वाक्य आठवत असते, हे फादरांनाही ठाऊक असते. आपल्या खरेपणाची वहिवाट पडते ती अशाच किरकोळ ठिकाणी. म्हणून या प्रश्नापाशी जरा थांबावे असे आम्हांस वाटते.

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गोदाकाठचे गाव. सोलापूर-धुळे महामार्ग येथे गोदावरी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले, तेव्हापासून खालच्या पात्रातले पाणी बरेचसे धरणाच्या मर्जीवर आहे. श्रावण-भाद्रपदात दरवाजे उघडले की नदी दुथडी भरते. एरवी डोहांतले पाणी आणि मधली वाळू यांवर सायंकाळचे ऊन पडलेले दिसते. या परिसरात छायाचित्रणाची हौस असलेल्या आठदहा मंडळींचा एक मेळ आमच्या परिचयाचा आहे. ना संस्था, ना नाव, ना वर्गणी. रविवारी सायंकाळी कुणाच्या तरी ओसरीवर जमायचे, चहा घ्यायचा आणि आठवड्यातील छायाचित्रे एकमेकांना दाखवायची, एवढाच परिपाठ. फाल्गुनात पळस, वैशाखात बहावा, पावसाळ्यात कपाशी, थंडीत करडई. कालव्याच्या काठची बेशरमसुद्धा! तिच्या फिक्या जांभळट फुलांचे छायाचित्र पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फार आवडते. तिची कांडी कुठेही पडली तरी मूळ धरते आणि ती उपटता उपटता शेतकऱ्याची कंबर मोडते, हे त्यांना कोण सांगणार?

या मंडळींतले ज्येष्ठ म्हणजे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. सारे त्यांना गुरुजीच म्हणतात. फुले अगदी जवळून टिपण्यात त्यांचा हात धरणारे दुसरे कुणी नव्हते. मध्यंतरी त्यांच्या छायाचित्रांत फरक पडू लागला. पाकळी धूसर आणि मागची काटकी लख्ख, असे वारंवार होऊ लागले. पुढे रंग भडक होत चालले. पळसाचा केशरी तर डोळ्यांत खुपावा इतका. हे सर्वांच्या लक्षात आले होते. तरीही दर रविवारी गुरुजी फोन पुढे करीत आणि जो तो ‘अप्रतिम, गुरुजी!’ म्हणून तो पुढच्याच्या हाती देई. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्यांतील निम्म्यांना गुरुजींनी मुळाक्षरे गिरवायला शिकवली होती. त्यांचे अक्षर आता आपण कसे तपासायचे, असा तो संकोच होता.

वर्षभराने गुरुजींच्या मनात आले की आपली निवडक बारा छायाचित्रे मोठ्या आकारात छापून मुलाच्या नव्या घरात लावावीत. ते अंबडला एका स्टुडिओत गेले. तिथल्या विशीतल्या मुलाने छायाचित्रे पडद्यावर मोठी करून पाहिली आणि म्हणाला, “काका, ही छापू नका. पैसे वाया जातील. फुलं सगळी पुसट आलीत. तुम्हांला दिसत नाही का?” गुरुजींना खरोखरच दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. उजेड मंद, रंग मळकट दिसत आणि म्हणूनच ते फोनवर रंग वाढवीत होते. यथावकाश शस्त्रक्रिया झाली व दृष्टी परत आली. मंडळींवर त्यांनी राग धरला नाही. “इतकी माणसं दर आठवड्याला पाहत होती,” एवढेच ते एकदा बोलून गेले.

ज्याला बारा छपायांचे पैसे मिळायचे होते त्या मुलाने खरे सांगितले. ज्यांचे काहीच बुडणार नव्हते ते गप्प राहिले. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मोतीबिंदू रंगांचे काय करतो याचा एक जगप्रसिद्ध दाखला फुलांच्याच चित्रांत आहे. फ्रान्समधील क्लोद मोने हा चित्रकार झिव्हेर्नी गावी आपल्या बागेतल्या तळ्यातील कमळे वर्षानुवर्षे रंगवीत असे. १९१२ साली त्याला मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. पुढील दहा वर्षांत त्याच्या चित्रांतील रंग तांबूस व मातकट होत गेले, आकार विरत गेले. नामवंत झालेल्या वृद्ध कलावंताला खरे सांगण्याची हिंमत कोण करणार? ती केली जॉर्ज क्लेमांसो याने. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात फ्रान्सचा पंतप्रधान असलेला हा गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर होता व मोनेचा जिवलग मित्र होता. शस्त्रक्रियेच्या भीतीने मोने दिवस ढकलीत होता. क्लेमांसोने पाठपुरावा सोडला नाही. जानेवारी १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती झाल्यावरही मोनेने कुरकुर केली, रंग चमत्कारिक दिसतात म्हणून वैतागला. तरी मित्र खचला नाही व कंटाळलाही नाही. मोने १९२६ च्या डिसेंबरात वारला आणि पुढल्या वर्षी पॅरिसच्या ऑरान्झरीत त्याची कमळांची विशाल चित्रे लोकांसाठी खुली झाली. ती पाहायला आजही जगभरातून लोक जातात. क्लेमांसोने त्यांतल्या किती चित्रांना ‘अप्रतिम’ म्हटले होते, हे आज कुणी विचारीत नाही.

आमच्या मराठीत ‘भीड’ असा एक विलक्षण शब्द आहे. ती नुसती भीती नव्हे, निव्वळ आदरही नव्हे. प्रेमाचाही तीत थोडा अंश असतो. गुरुजींच्या भोवतालच्या माणसांना भीड पडली होती. भीड भिकेची बहीण, असे आपली म्हण सांगते. म्हणीचा रोख असा की भिडेपोटी ज्याला नकार देता येत नाही त्याच्यावर भीक मागण्याची पाळी येते. पण इथे उलटेच घडले. भीड ठेवणाऱ्यांचे काही गेले नाही. भिकेला लागली ती ज्याची भीड ठेवली त्याची दृष्टी. दर रविवारी ओसरीवर भरल्या माणसांत बसूनही, आपल्या धूसर फुलांपाशी गुरुजी एकटेच होते.

आणखी एक गोष्ट इथे नमूद करायला हवी. स्तुती आजच्याइतकी स्वस्त पूर्वी नव्हती. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हौशी सभासद तिला लाभले, तेव्हा एकेक चित्र म्हणजे काच, रसायने आणि अर्ध्या दिवसाची खटपट असे. अगदी आमच्या पिढीच्या बालपणी घरोघरी असलेल्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच छायाचित्रे निघत. रोल धुऊन येईपर्यंत आठवडा जाई. त्या बारांतले एक पुढे आले की माणसे ते हातात घेऊन, कडेला धरून, उजेडाकडे वळवून पाहत. आता एका सायंकाळी दोनशे छायाचित्रे निघतात आणि बोटाच्या एका फटकाऱ्यासरशी ती डोळ्यांपुढून सरकतात. त्या वेगात ‘छान’ हा शब्द म्हणजे ‘मी पाहिले’ याची पावती होऊन बसला आहे. आणि पुष्कळदा ती पावतीही खोटी असते.

तर मग खरे तेच तोंडावर सांगावे काय? आमच्या याच मेळातील दुसरी हकीकत या प्रश्नाचा दुसरा पदर उलगडते. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी, शेतकऱ्याघरची, नव्यानेच येऊ लागली होती. तिने आपल्या शेतातील कपाशीच्या फुलाचे छायाचित्र आणले. गुलाबी, किंचित मिटू पाहणारे फूल. खाली तिने मोठ्या हौसेने लिहिले होते, ‘पहाटेचे ताजे फूल’. मंडळींत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. मोठ्या शहरात त्यांची हयात गेली, स्पर्धांतून त्यांची छायाचित्रे लागली, त्यांचे ज्ञान वादातीत आहे. त्यांनी सर्वांसमक्ष दोष सांगितले. फूल अगदी मधोमध आहे. ऊन माथ्यावरचे आहे. मागचे आकाश पांढरेफटक झाले आहे. उजवीकडचे पान अर्धे कापले गेले आहे. ठिबकची काळी नळी चौकटीतून आडवी गेली आहे. बांधाची रेघ कलली आहे. यांतील एकही शब्द खोटा नव्हता. मुलगी ‘हो सर’ म्हणाली आणि पुढचे दोन महिने काही दाखवायला आली नाही.

मनुष्यस्वभावाच्या या दोन्ही तऱ्हा जुन्या आहेत. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने त्यांची नोंद केली. सगळ्यांनाच गोड बोलणारा एका टोकाला आणि प्रत्येकाला टोचून बोलणारा दुसऱ्या टोकाला, असे मांडून तो म्हणतो की यांच्या मधल्या सद्गुणाला नावच नाही. तो मैत्रीसारखा दिसतो खरा. सोळा शतकांनंतर संत थॉमस अक्वायनस यांनी तोच धागा उचलला आणि ज्या स्नेहशीलतेने माणसे एकत्र राहू शकतात तिला न्याय या सद्गुणाच्या परिवारात स्थान दिले. आम्हांस यातले मर्म मोठे वाटते. गोड वागणे ही आपली मर्जी नसून शेजाऱ्याचे आपल्याकडे असलेले ते देणे आहे, असा त्याचा अर्थ होतो. परंतु देणे म्हटले की त्यात खोटे नाणे चालत नाही! म्हणूनच खुशामत हा दोष त्यांनी लगोलग पुढच्याच प्रश्नात तपासायला घेतला आहे. तिथेही त्यांचा हात जड नाही. खचलेल्याला धीर यावा किंवा चांगल्या कामात त्याचे पाऊल पुढे पडावे म्हणून योग्य वेळी केलेली स्तुती ही खुशामत नव्हेच, असे ते मानतात. आणि केवळ समोरच्याला बरे वाटावे एवढ्यासाठी केलेल्या अवास्तव स्तुतीलाही ते सहसा हलक्या पापांतच मोजतात. हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्या आम्हां मराठी माणसांना हा मोठाच दिलासा आहे म्हणायचा.

बंधूची चूक सुधारण्याविषयी संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने घालून दिलेला क्रम आपणांस परिचित आहे: आधी एकट्याला गाठून बोलावे, चारचौघांची पाळी नंतर. निवृत्त गृहस्थांनी हा क्रम उलटा केला, असे कुणी म्हणेल. आमचे म्हणणे याहून थोडे वेगळे आहे. तो क्रम पापासाठी सांगितलेला आहे, आणि कललेली बांधाची रेघ हे पाप नव्हे. छंद म्हणून काढलेल्या छायाचित्रातील प्रत्येक उणीव सांगण्याचे कर्तव्य कुणावरही नाही. मुलीने ‘कसे वाटते?’ असे विचारले होते हे खरे. पण ‘कुठे चुकले?’ असे तिने विचारले नव्हते, आणि हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. गुरुजींच्या बाबतीत मात्र न विचारताही बोलायला हवे होते, कारण तिथे छायाचित्रापलीकडचे काही बिघडत होते. म्हणजे खरे किती बोलायचे हे छायाचित्र पाहून ठरत नाही, ते काढणाऱ्या माणसाकडे पाहून ठरते. जो माणसाकडे पाहत नाही त्याची स्तुतीही फुकट आणि दोषदिग्दर्शनही. गुरुजींना ‘अप्रतिम’ म्हणणारे आणि मुलीचे सहा दोष मोजणारे यांच्यात आम्हांस म्हणूनच फारसे अंतर दिसत नाही. कपाशीच्या त्या फुलाकडे नीट कुणीच पाहिले नव्हते.

पाहिले ते तिच्या काकांनी. त्यांचा आणि कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. रानातून येऊन हातपाय धुता धुता त्यांनी पुतणीच्या फोनवर ओझरती नजर टाकली, मग तो हातात घेतला आणि म्हणाले, “पोरी, हे फूल कालचं हाय.” कपाशीचे फूल पहिल्या दिवशी सकाळी उमलते तेव्हा दुधाळ, किंचित पिवळसर असते. दुपारनंतर ते गुलाबी छटा धरू लागते, दुसऱ्या दिवशी चांगलेच गुलाबी होऊन मिटते आणि मग वाळून गळते. मागे बोंड राहते. मुलगी जन्मापासून कपाशीच्या रानात वाढली होती. गुलाबी फूल छान दिसते म्हणून तिने ते टिपले आणि ते ताजे आहे असे समजली. काकांनी ना स्तुती केली ना दोष दिला. फुलाविषयी जे खरे होते ते सांगितले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती रानात गेली.

अभिप्राय देणाऱ्याने काय करावे हे आम्हांस या वाक्यावरून अधिक स्पष्ट झाले. छायाचित्रात तीन प्रकारच्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. फूल धूसर आहे की नाही, ते आजचे की कालचे, ही वस्तुस्थिती झाली. तिथे भीड नको. फूल मधोमध असावे की कडेला, ऊन कोवळे असावे की कडक, हे कारागिरीचे संकेत; ते विचारल्यास, एकेक करून आणि ‘मी असे करतो’ या भाषेत सांगावेत. आणि ‘मला हे आवडले नाही’ ही सर्वस्वी आपली आवड. तिला नियमाचा अंगरखा चढवून मित्रापुढे उभे करणे हा खोटी स्तुती करण्याइतकाच अप्रामाणिकपणा होय. जाणकार माणसाकडून हा शेवटचा प्रमाद फार होतो. त्याच्या सूचना ऐकता ऐकता नवशिक्याचे छायाचित्र हळूहळू जाणकाराच्या छायाचित्रासारखे दिसू लागते आणि त्यालाच प्रगती म्हणतात.

दोन महिन्यांनी मुलगी पुन्हा ओसरीवर आली तेव्हा तिच्याजवळ नवे छायाचित्र होते. दुधाळ फूल, पाकळ्यांच्या तळाशी कोवळा उजेड, आणि तीच ठिबकची नळी खालून आडवी गेलेली. निवृत्त गृहस्थांनी या वेळी ते बराच वेळ पाहिले, उजेड सुरेख साधला आहे असे म्हटले व मग सुचवले की फोनवर ती नळी बोटाने पुसून टाकता येईल, कुणाला कळणारही नाही. इथून जो वाद सुरू झाला तो आम्हांस त्या दिवसाचा खरा लाभ वाटतो. नळी काढावी असे काहींचे मत, कारण डोळा फुलावरून तिकडे जातो. नळी नाही तर हे फूलच नाही, असे दुसऱ्यांचे म्हणणे; शहागड पट्ट्यात पाऊस दडी मारतो तेव्हा बरीचशी कपाशी अशाच नळीवर जगते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या निसर्ग विभागात असे काही पुसलेले चालत नाही, ही माहिती त्या गृहस्थांनीच प्रांजळपणे पुरवली, आणि पुढे म्हणाले की तसेही हे फूल त्या विभागात बसणार नाही, कारण पेरलेल्या पिकाचे फूल त्यांच्या व्याख्येप्रमाणे निसर्गात मोडत नाही. नियम त्यांनी सांगितला तो बरोबरच आहे. पुतणीला सोबत म्हणून आलेले काका मोठ्याने हसले. “मग आमचं रान कशात मोडतं?” त्यांनी विचारले. उत्तर कुणाला देता आले नाही.

या सगळ्या वेळात गुरुजी काही बोलले नव्हते. त्यांनी फोन मागून घेतला, चश्मा वर केला आणि छायाचित्र मोठे करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहिले. चहा निवून गेला. मग मुलीला जवळ बोलावून म्हणाले, “नळी राहू दे. डावीकडून बोटभर कापलं, तर फूल आणखी पुढं येईल असं मला वाटतं. तुला काय वाटतं?”

मुलीने डावीकडची कडा अंगठ्याने झाकून पाहिली, अंगठा काढून पुन्हा पाहिले.

“नको, गुरुजी,” ती म्हणाली. “तिकडं कालचं फूल आहे.”